न बांधलेली पुरवणी

बीड
६ नोव्हेंबर २००३

विश्वेश्वर,

मायना लिहिलेला नाही. तीन लिहिले आणि खोडले. सतरा वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या बहिणीने आशीर्वाद लिहावेत की नुसतं नाव, हे मला ठरवता आलं नाही.

तुझ्या कंपनीला इथल्या एका संस्थेचं पत्र या आठवड्यात मिळेल. तुम्ही पाठवलेला लॅपटॉप निवडला गेला नाही. सोबतच्या चाचणी अहवालाखाली माझी सही आहे. ती ऑफिसात अचानक तुझ्यासमोर यावी असं वाटलं नाही, म्हणून हे घरच्या पत्त्यावर. पत्ता मामींकडून घेतला.

थोडक्यात सांगते. ही संस्था ऊसतोडणीवरच्या गरोदर बायकांसाठी दवाखान्याची गाडी चालवते. डॉक्टर मनिषा गाडीबरोबर फडावर जातात. बाईच्या पोटाला पट्टा बांधायचा, त्याची वायर लॅपटॉपला जोडायची, की बाळाच्या ठोक्यांची रेघ पडद्यावर सरकत जाते. या कामासाठी दोन कंपन्यांनी एकेक लॅपटॉप पारखायला दिला होता. दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा वेग चोवीसशे मेगाहर्ट्झ, तुमच्याचा तेराशे. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना चोवीसशे आणि तेराशे असंच म्हणायला लागलो.

तुमच्या कंपनीच्या पत्राखालची सही मी ओळखली. तारीख हाताने लिहिलेली होती, सात ऑक्टोबर, आणि इंग्रजी सातच्या मानेवर आडवी रेघ होती. अप्पा तशी मारायचे. आपल्या घरात अप्पांनंतर तूच.

मी कुणाला बोलले नाही. कारण त्याआधीच बैठकीत एक गोष्ट झाली होती. संस्थेचे अध्यक्ष बसवेश्वरशेठ, ज्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांना कुणीतरी विचारलं की पारख कॉलेजातल्या फिजिक्सच्या बाईंकडेच का. ते म्हणाले, "सख्ख्या भावाला परीक्षेत धरून दिलं या बाईंनी. त्या कुणाला झुकतं माप देणार?" सगळे हसले. मीही हसले असेन. त्यानंतर दोनांतला एक लॅपटॉप त्याच भावाकडून आलाय हे सांगायला तोंड उघडलं नाही.

चाचणी मी बोर्डाच्या पेपरासारखी घेतली. दोघांच्या झाकणांवर कागद चिकटवून नावं झाकली, बैठक क्रमांक दिले. कोणता कुठला ते मला माहीत होतं, तरी झाकली. डॉक्टरांनी एका बाळाच्या तासभराच्या ठोक्यांची सीडी दिली होती. ती दोघांना एकाच टेबलावर, एकाच स्विचबोर्डाच्या विजेवर, एकाच वेळी दिली. चोवीसशेने पूर्ण आलेख चार मिनिटं दहा सेकंदांत काढला. तेराशेने चार मिनिटं पंचवीस सेकंदांत. तीनदा केलं. तिन्ही वेळा चोवीसशे पुढे.

चाचणी पूर्ण निःपक्ष होती. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे.

महानंदा


बीड
१९ नोव्हेंबर २००३

विश्वेश्वर,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरलेलंही नव्हतं. तरी लिहिते आहे, कारण इथे ज्यांना सांगता येईल त्यांना सांगण्यासारखं हे नाही.

आमच्या प्रयोगशाळेत सटवा म्हणून शिपाई आहे. वीस वर्षं आम्ही एकत्र काम करतो. त्याची धाकटी बहीण कडूबाई नवऱ्याबरोबर तेलगावच्या पुढे फडावर आहे. तिला आठवा सरत आलाय. गेल्या साली याच दिवसांत तिचं पोटातलं मूल हलायचं थांबलं. दोन दिवस ती मोळ्या बांधत राहिली आणि तिसऱ्या दिवशी कळलं. यंदा सटवानेच डॉक्टरांच्या गाडीच्या यादीत तिचं नाव घातलं.

सोमवारी तो टेबल पुसता पुसता म्हणाला, "बाई, तुमी पास केलेली मशीन हाय. आता म्या भेत न्हाई."

मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

काल सकाळी डॉक्टर मनिषा फडावर निघण्याआधी आलेखाचा कागद घ्यायला आल्या होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, लॅपटॉप कसा चालतो. म्हणाल्या, छान, फक्त पंधराएक मिनिटांनी रेघ मधेच तुटते. पाच-सहा ठोके गायब होतात, मग पुन्हा लागते. सगळ्याच बायकांच्या आलेखात होतं. "यंत्र थकतं बहुतेक. मी आता तिकडे लक्ष देत नाही."

मी विचारलं, प्लग लावलेला असतो ना? त्या हसल्या. "बाई, फडात कुठली वीज? बॅटरीवरच चालतो."

विश्वेश्वर, बाळाचे ठोके खरोखर अडले तर पडद्यावर काय दिसेल? तीच तुटलेली रेघ. आणि जिने ती पाहायची, तिने तिकडे लक्ष द्यायचं सोडलेलं आहे.

मी त्यांना कागदाचं बंडल दिलं. दारापर्यंत गेले. तिथूनच मागे फिरले.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. बॅटरीवरचीही चाचणी मी घेतली होती. ते आकडे अहवालात आले नाहीत. संस्थेच्या पत्रात वेग विचारला होता आणि अहवाल एका पानात हवा होता.

आज वर्गात शिकवताना खडू हातात तसाच राहिला आणि मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

महानंदा


बीड
२४ नोव्हेंबर २००३

विशू,

परवा कॉलेजच्या ऑफिसातून निरोप आला की पुण्याहून फोन आहे. मी रिसीव्हर उचलला आणि तू म्हणालास, "आक्का, बॅटरीवर किती वेळ चालवलंस?"

सतरा वर्षांनी आक्का म्हणालास. रागावलेला नव्हतास. धंद्यातला माणूस विचारतो तसा विचारलंस, आणि तेच मला सोसवलं नाही. "पत्रात लिहिते" म्हणून मी फोन ठेवला. आता लिहिते. यातलं काही लपवायचं नाही असं ठरवून बसले आहे.

चोवीसशे बॅटरीवर आला की आपोआप निम्म्या वेगाने चालतो. तोच आलेख काढायला त्याला आठ मिनिटं चाळीस सेकंद लागली. तापला की आणखी मंद होतो. तळाला मी थर्मामीटर लावला, चोपन्न अंश. हात ठेववेना. बावन्नाव्या मिनिटाला बंद पडला. तेराशेने बॅटरीवर चार मिनिटं पन्नास सेकंद घेतली. तीन तास पन्नास मिनिटं चालला. तळ कोमट होता, इतकंच.

ठोके ऐकायचे, मोजायचे आणि रेघ काढायची ही तिन्ही कामं चालू असताना चोवीसशेला दम पुरत नाही. मग तो मधले ठोके सोडून पुढे जातो. रेघ तुटते ती तिथे.

हे सगळं मी वेगळ्या कागदावर लिहिलं होतं, पुरवणीसारखं. १८ ऑक्टोबरला. अहवाल दिला वीस तारखेला. मधे दोन दिवस तो कागद टेबलावर माझ्यासमोर होता. "एका पानात हवा होता" हे मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

पुरवणी जोडली तर तेराशे जिंकत होता. तेराशे तुझा. एक ना एक दिवस कुणालातरी कळलं असतं आणि सगळं गाव म्हणालं असतं, बाईंनी शेवटी भावाचं भलं केलं. मी स्वतःला बजावलं की भावाकडे ओढ असणारच, म्हणून तुझ्या बाजूचा पुरावा धरायचाच नाही, म्हणजे न्याय होईल. तेव्हा ते मला सचोटीसारखं दिसलं. आज ते कसलं होतं हे बघायची भीती वाटते.

आज सकाळी सटवा तेराशे खोक्यात भरत होता, तुम्हाला परत पाठवायला. मी म्हटलं थांब. त्याने विचारलं, "बाई, चोवीसशे म्हंजे नेमकं काय?" मी सांगितलं, एका सेकंदात तो दोनशे चाळीस कोटी वेळा हात चालवतो आणि हा एकशे तीस कोटी वेळा. त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, "आमच्यात कोयत्याचे वार न्हाईत मोजत बाई. मोळ्या मोजत्यात. लई हात चालवणारा दुपारी बांधाला बसलेला आसतो."

चोवीस वर्षं मी फिजिक्स शिकवते आहे, विशू.

त्याला खरं सांगायचं होतं. त्याऐवजी कडूबाईची चौकशी केली. म्हणाला, बरी हाय, पोरगं जरा कमी हलतंय म्हणती, पर मशीन ठीक दावती.

मधल्या सुट्टीत मी बसवेश्वरशेठच्या दुकानात गेले. आधी नातं सांगितलं, मग पुरवणी पुढे ठेवली. त्यांनी वाचली. गिऱ्हाईक जाईपर्यंत कापड मोजत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे आज आणताय. उद्या लोक म्हणतील भावाचं यंत्र खपवायला बाईंनी लेकरांच्या जिवाचं भ्या घातलं. बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथं ठेवू." वाईट माणूस नाही. माझीच भीती त्यांनी माझ्या हातात परत दिली.

डॉक्टर फोनवर सापडत नाहीत, गाडी तीन दिवस तिकडेच आहे. उद्या सकाळच्या एसटीने मी वडवणीमार्गे तेलगावला जाते. तेराशे घेऊन. तो माझा नाही, संस्थेचाही नाही, तुमच्या कंपनीचा आहे. तुला न विचारता नेते आहे. सटवाला म्हटलं, तुझ्या बहिणीला भेटायला जाऊ. का, ते सांगितलं नाही.

मला फार भीती वाटते. रस्त्याची नाही. पट्टा बांधल्यावर रेघ नीट आली तर मी वाचेन, आणि मला वाटतं मी त्यासाठी प्रार्थना करते आहे. कडूबाईसाठी की माझ्यासाठी, ते सांगता येत नाही.

आक्का


बीड
२७ नोव्हेंबर २००३

विशू,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर हललं तर सांभाळून घे.

मंगळवारी अकराला आम्ही तेलगावला उतरलो. शहादेव, डॉक्टरांच्या गाडीचा ड्रायव्हर, स्टँडवर डिझेलसाठी आला होता म्हणून लगेच फडावर पोचलो. टोळीच्या कोप्या, पाचटाच्या त्या झोपड्या, उसाच्या कडेला होत्या. कडूबाई फडातच होती, उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत. सटवाने हाक मारली तशी आली. माझ्याकडे बघून पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "तुज्या बाई ह्याच का? ह्यांनीच मशीनची परीक्षा घेतली?"

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन पुरवणी दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग "पट्टा आणा" म्हणाल्या.

कोपीत कडूबाईला कुशीवर निजवलं. लॅपटॉप एका पालथ्या घमेल्यावर ठेवला. बाहेर बैलांच्या घंटा आणि आत त्या ठोक्यांचा आवाज, दूरवर कुणी कपडे धूत असावं तसा. रेघ चालू झाली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी तळाला हात लावून बघत होते. गार. रेघ एकसारखी. मनात म्हटलं, सुटले. हा शब्द मी मनात म्हटला, हे तुला सांगितलं पाहिजे.

एकविसाव्या मिनिटाला रेघ वाकली. तुटली नाही. सावकाश खाली उतरत गेली, तळाशी थोडी रेंगाळली आणि वर चढली. एकशे चाळीसवरून ऐंशी, आणि पुन्हा एकशे तीस. आवाजही तसाच मंदावला होता. डॉक्टरांनी घड्याळ काढलं. सहा मिनिटांनी पुन्हा.

कडूबाई आमच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "मशीन दमलं का बाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण यंत्राचं मला कळतं.

मी म्हटलं, "नाही. मशीन दमलेलं नाही."

डॉक्टर उठल्या. शहादेवने गाडी कोपीच्या दाराशी लावली. बीडपर्यंत पट्टा तसाच ठेवला. मी मागे तेराशे मांडीवर घेऊन बसले होते. वडवणीपर्यंत रेघ चारदा उतरली. दर वेळी मी मोजत होते, आणि दर वेळी वाटत होतं की या वेळी ती वर येणार नाही. डॉक्टर कडूबाईचे मागचे आलेख पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. अठरा तारीख, वीस तारीख, बावीस तारीख. प्रत्येकावर तुटलेल्या जागा होत्या आणि प्रत्येकीला त्यांनी पेन्सिलने गोल करून शेजारी 'यंत्र' असं लिहिलेलं होतं. आता त्या एकेका गोलावर बोट ठेवत होत्या. कुठला गोल खरोखर यंत्राचा आणि कुठला बाळाचा, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. शेवटी त्यांनी कागद उलटे केले आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुपारी तीनला इथल्या मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. मुलगी झाली. नाळेचा वेढा होता. पावणेदोन किलोही नाही. रडायला तिने इतका वेळ घेतला की मी दाराबाहेर उभी राहून अंक मोजणं सोडून दिलं. काचेच्या पेटीत आहे. ते म्हणतात, अजून चार दिवस काही सांगता येत नाही. कडूबाई बरी आहे.

संध्याकाळी मी सटवाला सगळं सांगितलं. पुरवणी, वीस तारीख, बसवेश्वरशेठचं दुकान. तो भिंतीला टेकून उकिडवा बसून ऐकत होता. म्हणाला, "मंग आदी कावून न्हाई सांगितलं?"

 तो उठून गेला. थोड्या वेळाने चहा घेऊन आला, एक कडूबाईच्या नवऱ्याला आणि एक मला. स्वतःला आणला नव्हता. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. माझा कप नेऊन विसळतो, एवढंच.

काल मी बसवेश्वरशेठना लेखी दिलं. पहिला अहवाल अपुरा आहे, नाकारलेला लॅपटॉप माझ्या भावाच्या कंपनीचा आहे, हे मला माहीत होतं, मी लपवलं. पुरवणी जोडली. त्यांनी वाचून बैठक या शनिवारी बोलावली. ते मला काय म्हणतील याचं आता भय वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं. पण पेटीतल्या मुलीचं वाटतं त्यापुढे ते लहान आहे.

आता उरलेलं. हे तुझं आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

मार्च शहाऐंशी. ज्या वर्गात नातलग बसलाय तिथे पर्यवेक्षक नेमत नाहीत, पण ऐनवेळी एक मास्तर आले नाहीत आणि मला तुझ्या खोलीत पाठवलं. तुझ्या पुरवणीखाली चिठ्ठी होती. मी उचलली. तू म्हणालास, "आक्का, माझी नाही." सगळी खोली बघत होती. मी चिठ्ठी जोडून अहवालावर सही केली. तुझी दोन वर्षं गेली. तू घर सोडलंस. अप्पांना माती द्यायला आलास तेव्हा माझ्या शेजारी उभा राहून मूठ टाकलीस आणि तसाच स्टँडवर गेलास.

इतकी वर्षं मी लोकांना आणि स्वतःला सांगत आले की मी कर्तव्य केलं. तू दोषी होतास की नव्हतास, ते मला कळायला मार्ग नव्हता.

मार्ग होता. मी तेव्हाही डायरी लिहीत होते. त्या दिवशीचं पान मी पुन्हा कधी उघडलं नाही, पण त्यावर काय आहे हे मला रोज माहीत होतं. काल घरी जाऊन ते कापून काढलं आहे. पेपराला पुरवणी बांधतात तसं पांढऱ्या दोऱ्याने या पत्राला बांधलं आहे. तू ते बोर्डाला दाखव, बसवेश्वरशेठना दाखव, पोरांना दाखव. परत पाठवू नकोस.

नर्स बाहेर आली आहे. मला खुणेने बोलावते आहे की सटवाला, कळत नाही. इथेच थांबते.

आक्का

(सोबत बांधलेलं पान)

१४ मार्च १९८६
फिजिक्सचा पेपर. विशूच्या पुरवणीखाली चिठ्ठी सापडली. वर प्रोटॉनचं वस्तुमान होतं, दोन ठिकाणी सात. सातांवर आडवी रेघ नाही. विशू रेघेशिवाय सात काढत नाही. अक्षर त्याचं नाही. हे मी तिथेच पाहिलं. बाकीचे माझ्याकडे बघत होते. सही केली.